पंडिता रमाबाई बायबल कसे वाचत होत्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात एक स्मारकस्तंभ आहे. तो अफानासी निकितीन नावाच्या रशियन व्यापाऱ्याचा. पंधराव्या शतकात, बहुधा १४६९ साली, हा गृहस्थ एक घोडा विकायला घेऊन चौलच्या बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये, म्हणजे निकितीन त्याच्याही तीसेक वर्षे आधी आला. २००२ साली हा स्तंभ उभा राहिला आणि गावातल्या पोरांना ‘आपल्याकडे आलेला रशियन’ ठाऊक झाला. पण त्याने लिहून ठेवलेले प्रवासवर्णन वाचणारे आमच्यात थोडेच. मी ते अनुवादात वाचले आणि त्यातली एक रुखरुख माझ्या मनात घर करून बसली. येताना अस्त्राखानजवळ निकितीनला लुटारूंनी लुटले. मालाबरोबर त्याची धर्माची पुस्तकेही गेली. पुस्तके गेल्यावर ईस्टर कधी, उपवास कधी, नाताळ कधी, याचा त्याला पत्ता लागेना. चौलपासून बिदरपर्यंतच्या मुलखात त्याच्या पंथाचा कोणी पाद्री नव्हता. मग तो अंदाजाने दिवस मोजी आणि भोवतालच्या मुसलमानांचे रोजे चालू झाले की आपलाही उपवास धरी. त्याच्या लिखाणात मध्येच तुर्की-अरबी शब्दांतल्या प्रार्थना येतात. हातात ग्रंथ नाही, सांगणारा धर्मगुरू नाही, अशा एकट्या माणसाने आपला धर्म कसा ओळखायचा, हा प्रश्न आमच्या बंदरात इतका जुना आहे.

त्यानंतर पन्नासेक वर्षांनी पोर्तुगीज आले. अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने त्यांनी १५२१ ते १५२४ या काळात इथे वखार आणि कोट उभा केला. आज कोटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्यांत चर्चच्या पडक्या भिंती दिसतात, त्या पुढच्या दोनशे वर्षांतल्या. सातखणी मनोरा आमच्या गावाची खूण झाला आहे. त्या चर्चमधून उपासना होई ती लॅटिनमध्ये. योगायोग असा, की रेवदंड्याच्या कोटाचे दगड रचले जात होते त्याच सुमारास तिकडे जर्मनीत मार्टिन ल्यूथर नव्या कराराचे जर्मन भाषांतर करत होता. ते १५२२ च्या सप्टेंबरात छापून निघाले. इंग्रजीत तेच काम करणाऱ्या विल्यम टिंडलला १५३६ मध्ये देहान्त शिक्षा झाली. सामान्य माणसाने धर्मग्रंथ आपल्या भाषेत, आपल्या डोळ्यांनी वाचावा की नाही, यावरून युरोप पेटला होता. आमच्या कोटात मात्र त्याची धग पोचली नाही.

गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने यातून वेगळी वाट काढली. बायबलातली कथा त्याने मराठी ओवीत घातली. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. मराठीचे कौतुक करणारा इतका मोठा ग्रंथ एका इंग्रजाने लिहिला याचा आपण अभिमान बाळगतो, तो रास्तच आहे. तरी ते बायबल नव्हे, ते पुराण आहे. देवळात पुराणिक सांगतो आणि लोक ऐकतात, तसे सांगण्या-ऐकण्यासाठी रचलेले.

खाडीपलीकडच्या कोर्लईत अजूनही घरात पोर्तुगीजपासून तयार झालेली एक बोली बोलतात. शाळेत असताना कोर्लईचा एक मुलगा माझ्या बाकावर बसे. त्याच्या आजीला प्रार्थना तोंडपाठ, पण घरात बायबल नव्हते. ते आले नातवाबरोबर, आणि मराठीत आले. व्हॅटिकनच्या १९६२ ते ६५ च्या परिषदेने कॅथलिक चर्चमध्ये लोकभाषेला दार उघडून दिले, त्यानंतरची ही गोष्ट.

आणखी एक गोष्ट इथलीच सांगतो, कारण पुढच्या विषयाचे बीज तीत आहे. आमच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल समाज शेकडो वर्षे राहिला. नवगावच्या किनाऱ्याला त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचा घाणा चालवायचा, शनिवारी बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. धर्माचे काही आचार टिकले होते, पण मूळ हिब्रू भाषा विसरली गेली होती. एकोणिसाव्या शतकात मिशनरी आले, त्यांनी या समाजासाठी शाळा काढल्या. मुंबईच्या जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये चक्क मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. हिब्रू आली की जुना करार मुळातून वाचतील आणि वाचता वाचता ख्रिस्ताकडे येतील, असा हिशेब होता. झाले उलटे. त्यांनी जुना करार वाचला आणि ते अधिक पक्के यहुदी झाले. ख्रिस्ती झालेले अगदी बोटांवर मोजण्याइतके. मिशनऱ्यांबद्दल मला इथे आदरच वाटतो. हिशेब चुकत चालला तरी त्यांनी पुस्तके परत मागितली नाहीत.

आता मी ज्यांच्याबद्दल बोलायला बसलो आहे त्या पंडिता रमाबाई. त्या रेवदंड्याच्या नव्हेत. पण ‘खरी ख्रिस्ती शिकवण कोणती, आणि ती मी कोणाच्या सांगण्यावरून मानू?’ हा प्रश्न मराठी मुलखात त्यांच्याइतक्या निर्भयपणे दुसऱ्या कोणी विचारला असेल असे मला वाटत नाही. आणि तो त्यांनी विचारला ख्रिस्ती झाल्यानंतर, ज्यांनी त्यांना धर्मात घेतले त्यांनाच.

माझा त्यांच्याशी संबंध कसा आला ते एका वाक्यात सांगून टाकतो. लहानपणी मी मकतबमध्ये कुराण वाचून पुरे केले, घरी खीर झाली, शेजारीपाजारी वाटली गेली. पण वाचले त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता, आणि विचारला तेव्हा ‘मोठा झालास की कळेल’ असे उत्तर मिळाले. मोठा झाल्यावर मराठी भाषांतर घेऊन बसलो, त्याच दिवसांत वाचनालयात रमाबाईंचा पत्रव्यवहार हाती आला. त्या पत्रांतली बाई मला शेजारच्या बाकावरची वाटली.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले म्हणून त्यांना शास्त्री मंडळींचा रोष पत्करावा लागला. लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवले. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून फिरत पुराणे वाची आणि त्यावर उदरनिर्वाह करी. पुढे रमाबाईंनी आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात, ‘अ टेस्टिमनी’मध्ये, या पुराणवाचनाचे मोठे बारकाईने वर्णन केले आहे. पुराणिक संस्कृत श्लोक मोठ्याने वाचतो, समोरच्या माणसांना त्यातले काही कळत नाही, ते फुले-पैसे वाहतात आणि उठून जातात. कळले नाही तरी कानावर पडले, एवढ्यात पुण्य आहे, ही समजूत. मुलगी लहान होती, पण हे तिने पाहून ठेवले. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले. ज्या ग्रंथांत सांगितलेली व्रते आणि दाने हे कुटुंब काटेकोर पाळत आले, त्यांनी शेवटी अन्नाचा घासही दिला नाही.

१८७८ मध्ये रमाबाई भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. इथे दोन प्रसंग घडले. एका ख्रिस्ती मेळाव्याला त्या गेल्या असता सगळी मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसलेली त्यांना दिसली. हे लोक खुर्चीची पूजा करतात की काय, असे त्यांना वाटले! तिथे त्यांना संस्कृत बायबल भेट मिळाले. संस्कृत त्यांची घरचीच भाषा. तरीही ते पुस्तक त्यांना परके वाटले, वाचवेना, त्यांनी बाजूला ठेवले. म्हणजे नुसती भाषा ओळखीची असून भागत नाही.

दुसरा प्रसंग महत्त्वाचा. कलकत्त्याच्या पंडितांनीच त्यांना सांगितले की तुम्ही घरंदाज बायकांना शास्त्रातले स्त्रीधर्म समजावून सांगा. त्यासाठी रमाबाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ स्वतः उघडले. केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदही दिला. बायकांनी तो वाचू नये असे मानून त्यांनी तोवर त्याला हात लावला नव्हता. ग्रंथ ओळीने वाचल्यावर त्यांच्या ध्यानात आले की हे ग्रंथ शेकडो गोष्टींत एकमेकांशी भांडतात, मात्र बाई जात्याच वाईट आणि तिला नवऱ्यावाचून मोक्ष नाही, एवढ्या मुद्द्यावर त्यांचे एकमत असते. त्यांच्या या निष्कर्षाशी वाद घालता येईल, घालणाऱ्यांनी घातलाही. मला इथे त्यांची रीत दाखवायची आहे. व्याख्यान देण्यासाठी वाचायला बसलेली बाई आधी पडताळा पाहू लागली. ग्रंथात काय आहे आणि ग्रंथाच्या नावावर काय चालते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे तिला बायबल उघडण्याच्या आधीच कळले होते.

१८८० मध्ये त्यांचे बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले. सिलचरच्या घरात एकदा पुस्तके चाळताना बंगालीतले लूककृत शुभवर्तमान सापडले. ते घरात कसे आले हे त्यांना कधीच कळले नाही. गोडी लागली, एका मिशनऱ्याकडून थोडे समजावूनही घेतले. पण आपण ख्रिस्ती व्हावे असे वाटते, हे बोलताच उदारमतवादी नवराही बिथरला. १८८२ मध्ये पटकीने ते गेले. मनोरमा तेव्हा तान्ही होती. रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. पुण्यात मिस हर्फर्ड त्यांना इंग्रजी शिकवीत आणि मराठी बायबलही वाचून घेत. फादर नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचाही त्यांच्यावर फार प्रभाव पडला. १८८३ मध्ये वैद्यक शिकण्याच्या इराद्याने त्या इंग्लंडला गेल्या. कानाच्या दोषामुळे तो बेत बारगळला.

वाँटेज गावी अँग्लिकन पंथाच्या सिस्टरांचा मठ होता, तिथे त्या उतरल्या. वाट चुकलेल्या बायकांना हे लोक टाकून देत नाहीत, सांभाळून उभे करतात, हे त्यांनी पाहिले. असे का करता, म्हणून विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवरच्या त्या बाईला पाच नवरे झालेले, आणि आता सोबत असलेला नवरा नव्हेच. तिच्याशी येशू बसून बोलतो, तेही उपासना म्हणजे काय या विषयावर. हिंदू शास्त्रांत जे शोधून सापडले नाही ते इथे सापडले, असे रमाबाईंना वाटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमाने बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात वादळ उठले. पाठीशी उभे राहिले ते मुख्यतः जोतीराव फुले. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली.

एवढे बहुतेकांना माहीत असते. बोलले जात नाही ते यानंतरचे.

वाँटेजमध्ये रमाबाईंची जबाबदारी सिस्टर जेराल्डीन यांच्याकडे होती. बाप्तिस्म्याच्या नात्याने त्या मानलेली आई. पण रमाबाई आणि लहानगी मनोरमा त्यांना म्हणत ‘आजीबाई’. इंग्रजी पत्रांतही हाच मराठी शब्द येतो आणि सिस्टरांनी तो आवडीने स्वीकारला होता. या आजीबाईंशी रमाबाईंचे १८८४–८५ मध्ये जे भांडण झाले ते मराठी धर्मविचाराच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण आहे असे मी समजतो. आपल्याकडे ते ‘रमाबाईंचे मिशनऱ्यांशी खटके’ एवढ्यावर मिटवले जाते.

खटके लहान गोष्टींवरून सुरू झाले. रमाबाई शाकाहारी, अंडे घातलेले पक्वान्नही खात नसत. सिस्टरांना हा जातीचा अभिमान वाटे. मठाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी सुचवले की त्याऐवजी संस्कृत घाला. लॅटिन जितकी तुमच्या बायकांना परकी तितकीच आमच्या बायकांना, मग निदान आपल्या देशाची भाषा असू द्या. हा मुद्दा वाचताना मला आमच्या कोटातली चर्चे आठवली. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी मुलग्यांना किंवा पुरुषांना शिकवू नये, असे हिंदुस्थानातल्या दोन बिशपांनी कळवले. परत गेल्यावर त्यांच्या कामाला बाधा येईल, हे कारण. रमाबाईंनी उत्तर दिले ते असे, की माझ्या आईने किंवा मी तरुण पुरुषांना शिकवण्याला माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही, आणि आता ती इथे व्हावी याचे नवल वाटते.

मग मुख्य प्रश्न आला. सिस्टरांचा आग्रह असा, की तू इंग्लंडच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलास, तेव्हा त्या चर्चची शिकवण तू पूर्ण मानली पाहिजेस. रमाबाईंचे म्हणणे, मी ख्रिस्ताच्या मंडळीत आले. कोण्या एका पंथाच्या मंडळीत नव्हे. बाप्तिस्म्याच्या वेळी जेवढे कबूल केले तेवढ्याला मी बांधील आहे. बिशप आणि पाद्री सांगतात म्हणून मी काही मानणार नाही; ख्रिस्ताच्या शब्दात ते दाखवा. अथानासियसच्या नावाने ओळखला जाणारा जो मतांगीकार चर्चमध्ये म्हटला जाई, त्यात त्रैक्याचे सिद्धान्त बारकाव्यांसह मांडून, हे न मानणाऱ्याचा सर्वनाश होईल असा इशारा आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन असून एक, असे त्याचे सार. रमाबाईंनी विचारले, हे बायबलात कुठे आहे? त्या काळात येशूचा कुमारीपोटी जन्म, त्याचे ईश्वरत्व यांवरही त्यांनी शंका काढल्या. आणि मनोरमाला काय शिकवायचे हे मी ठरवीन, तिला न समजणारे सिद्धान्त पाठ करायला लावू नका, असेही त्या ठामपणे म्हणाल्या. पुराणिकापुढे न कळता बसलेल्या बायका त्या विसरल्या नव्हत्या.

सिस्टर जेराल्डीन यांना यात फक्त गर्व दिसला. नुकती धर्मात आलेली, शिकायला आलेली, आणि शतकांच्या परंपरेला जाब विचारते! त्यांची बाजूही मी समजून घेतो. चर्चने शेकडो वर्षे विचार करून जे ठरवले ते एका माणसाच्या दोन वर्षांच्या वाचनाने कसे उलटायचे? असे एकेकाने ठरवायचे म्हटले तर जितकी डोकी तितके ख्रिस्ती धर्म होतील. रमाबाईंना स्वतःलाही हे दिसत होते. इंग्लंडमधले पंथोपपंथ पाहून त्या चक्रावून गेल्या होत्या आणि तसे त्यांनी लिहिले आहे. नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांचे उदाहरण तर घरचेच. काशीच्या या चित्पावन पंडिताने ख्रिस्ती धर्माचे खंडन करायचे म्हणून बायबल वाचायला घेतले आणि १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण शंकांनी त्यांचा जन्मभर पिच्छा सोडला नाही. त्या शंकांवर त्यांना आधार सापडला तो चर्चच्या अधिकारात. एकट्याची बुद्धी कुठे घेऊन जाईल याची त्यांना भीती होती. विद्वान आणि अतिशय प्रामाणिक माणसाची ही भीती आहे, तिला हसण्यात अर्थ नाही.

चेल्टनहॅमच्या प्राचार्य डॉरोथिया बील यांनी हे सिस्टरांपेक्षा चांगले ओळखले. या बाईला आज्ञा करून उपयोग नाही, तिच्या शंकांना शंका म्हणून उत्तर दिले पाहिजे, असे त्यांनी वाँटेजला कळवले आणि स्वतः तसे केले. बील आणि रमाबाई यांची पत्रे दोन अभ्यासकांनी समोरासमोर ग्रंथ उघडून बसावे तशी आहेत. वचन कोणते, त्याचा मागचा-पुढचा संबंध काय, शब्दाचा अर्थ काय. आमच्याकडेही असा एखादा शिक्षक भेटलेला माणूस नशीबवान म्हणायचा.

या भांडणात रमाबाईंना काय गमवावे लागले असते याचा विचार करा. विधवा, पदरी चार वर्षांची मूल, परका देश. जेवण, निवारा, शिक्षण सगळे याच लोकांच्या कृपेवर. मायदेशी स्वजनांनी नाव टाकलेले. अशा वेळी ‘हो’ म्हणून मोकळे होणे सोपे होते. माझ्या माहितीतले किती तरी लोक याहून लहान भाकरीसाठी ‘हो’ म्हणाले आहेत, मी स्वतः धरून.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, तिथे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ लिहिले, पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. सदनात धर्म शिकवायचा नाही, असा शब्द होता. पण रमाबाई आपल्या खोलीत बायबल वाचत, प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि मुली येऊन बसत. ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले. माझे प्रामाणिक मत सांगतो. दार उघडे ठेवणे हा रमाबाईंचा हक्क होता, पण आश्रयाला आलेल्या पोरक्या मुलीला त्या उघड्या दारातून आत न जाण्याचे स्वातंत्र्य किती असते? वाँटेजमध्ये त्या स्वतः आश्रित होत्या आणि त्यांनी ‘नाही’ म्हटले. पण त्यांच्याजवळ शास्त्र होते, कीर्ती होती, लेखणी होती. १८९६–९७ च्या दुष्काळातून त्यांनी मध्य प्रांतातून उचलून आणलेल्या शेकडो मुलींजवळ यातले काही नव्हते. त्या मुली जगल्या, शिकल्या, हे खरे. रमाबाई नसत्या तर त्यांतल्या पुष्कळशा कुठे पोचल्या असत्या हेही उघड आहे. पण त्यांच्यापैकी कोणी रमाबाईंना विचारले असेल का, की हे बायबलात कुठे आहे? विचारले असेल तर ते आपल्यापर्यंत पोचलेले नाही.

१८९१ च्या सुमारास त्यांच्या श्रद्धेला वेगळे वळण लागले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. इंग्लंडमध्ये नाकारलेल्या काही गोष्टी त्यांनी पुढे मानल्या. टीकाकार म्हणतात, म्हणजे आजीबाईच बरोबर ठरल्या. मला तसे वाटत नाही. सांगितले म्हणून त्यांनी त्या तेव्हा मानल्या नाहीत, आणि वाचता वाचता पटल्या तेव्हा मानल्या. शेवटपर्यंत त्या कोणत्याच एका पंथाच्या झाल्या नाहीत.

याच सुमारास मराठीत आणखी एक माणूस असाच पुस्तकापाशी पोचला होता. रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन माणसाने रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ते ‘देवाचा दरबार’ मांडायला निघाले. पण टिळक कवी होते, त्यांना ख्रिस्त गाता आला. रमाबाई शब्दाच्या मुळाशी गेल्या.

केडगावच्या मुक्ती सदनात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी संपूर्ण बायबलचे नवे मराठी भाषांतर हाती घेतले. मराठी बायबल आधी नव्हते असे नाही. सेरामपूरला विल्यम केरींनी नवा करार १८११ मध्ये काढला होता, तोही मोडी लिपीत. पुढे अमेरिकन मिशनने आणि बायबल सोसायटीने संपूर्ण ग्रंथ मराठीत आणला. पण ही भाषा पुण्या-मुंबईच्या शास्त्र्यांच्या हाताखाली घडलेली, संस्कृतप्रचुर. मुक्तीतल्या, खेड्यापाड्यांतून आलेल्या बायकांना ती समजत नाही, अशी रमाबाईंची तक्रार होती. शिवाय देवळातल्या पूजेअर्चेतून आलेले शब्द बायबलात शिरले की अर्थ बदलतो, असेही त्यांना वाटे. म्हणून पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली. भाषांतरावरून भाषांतर करायचे नाही, मूळ पाहायचे. आणि मूळ पाहून जे लिहायचे ते साध्या बाईला कळेल असे लिहायचे. कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हणून गौरवलेली ही बाई आता एका ग्रंथातून संस्कृत शब्द वेचून बाहेर काढत होती.

अक्षरांचे खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, छापणे, घड्या घालणे, बांधणी, सगळे काम मुक्तीच्या छापखान्यात बायकांनी केले. दुष्काळात सापडलेल्या, अक्षर न ओळखणाऱ्या मुली मोठ्या होऊन खिळे जुळवत होत्या. खिळे उलट्या अक्षरांचे असतात; ते जुळवणाऱ्याला प्रत्येक शब्द सुट्या अक्षरांत हातात धरावा लागतो. त्यामुळे त्या मुलींइतके त्या भाषांतराच्या जवळ दुसरे कोणी गेले असेल असे वाटत नाही.

कवी म्हणून त्या भाषांतराबद्दल मला काय वाटते, असे कोणी विचारील. वाचायला ते सोपे आहे असे मी म्हणणार नाही. मूळ शब्दाला चिकटून राहायचे आणि बोलीतही आणायचे, या ओढाताणीत वाक्य पुष्कळदा अडखळते. जुन्या भाषांतराचा जो ठेका ख्रिस्ती कुटुंबांच्या कानात बसला होता तो इथे नाही. उपासनेत ते रुळले नाही, मंडळ्यांतून बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू राहिले. पण प्रत्येक अडखळीपाशी एक बाई थांबून शब्दकोश उघडते आहे, हे मला दिसत राहते.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. चार वर्षांची असताना जिला काय शिकवायचे यावरून दोन देशांत पत्रे गेली होती, तीच आईचा उजवा हात झाली होती. त्यानंतर रमाबाई आठेक महिने जगल्या. शेवटची मुद्रिते पुरी होईपर्यंत आयुष्य दे, अशी त्यांनी प्रार्थना केली आणि ती पुरी झाल्यावर त्या गेल्या, असे त्यांच्याकडची माणसे सांगत आली आहेत. तारीख होती ५ एप्रिल १९२२. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले.

आणि ती पत्रे? ती टिकली हे सिस्टर जेराल्डीन यांच्यामुळे. रमाबाईंचा गर्व, त्यांचा हट्ट, त्यांची वाट चुकणे, असे ज्या पत्रांत आजीबाईंना दिसले, तीच सगळी त्यांनी जपून ठेवली, म्हातारपणी क्रमाने लावली, त्यांवर स्वतःच्या टिपा लिहिल्या. स्वतःला झोंबलेली पत्रेही त्यांनी फाडली नाहीत. ती पुढे हिंदुस्थानात आली आणि १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापली. मी वाचनालयातून घरी आणली ती हीच प्रत. आजीबाईंच्या टिपा त्यात आहेत आणि नातीची उत्तरेही आहेत.